पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील लहान न्हाणीघर : प्रशस्ततेच्या कल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

लहान न्हाणीघर सजावटीच्या साहाय्याने मोठे कसे भासवावे, हा आजच्या मध्यमवर्गीय व कामगारवर्गीय घरांतील नित्याचा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा मानला जातो. तथापि त्याला निश्चित असा सामाजिक इतिहास आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील न्हाणीघराची वाटचाल अभ्यासली असता असे दिसते की, या जागेची प्रशस्तता भिंतींच्या रंगापेक्षा पाणीपुरवठ्याची पद्धत, शासनाने ठरवलेले किमान क्षेत्रफळ आणि घरातील कामांची विभागणी यांवर अधिक अवलंबून राहिली आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या तीन घटकांचा सजावटीशी असलेला संबंध तपासण्यात आला आहे.

बीजशब्द : न्हाणी, मोरी, औद्योगिक वसाहत, किमान क्षेत्रफळ, पाणीसाठवण, सजावट.

प्रस्तावना

घराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने दिवाणखाना, देवघर, माजघर आणि स्वयंपाकघर यांकडे जाते. न्हाणीघर हा विषय बहुधा आरोग्य किंवा अभियांत्रिकी या शाखांकडे सोपवला जातो. पाश्चात्त्य देशांत सिगफ्रीड गिडियन यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या यांत्रिकीकरणावरील ग्रंथात स्नानाच्या इतिहासाला मोठे स्थान दिले, तर कॉर्नेल विद्यापीठातील अलेक्झांडर किरा यांनी १९६६ मध्ये मानवी शरीराच्या हालचाली व न्हाणीघराची मापे यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मराठीत मात्र या विषयाची स्वतंत्र ऐतिहासिक मांडणी फारशी झालेली नाही.

पिंपरी-चिंचवड हा प्रदेश या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतो. शेतीप्रधान गावांचे औद्योगिक नगरात रूपांतर येथे जेमतेम दोन पिढ्यांत झाले. आजोबांनी नदीवर किंवा परसात स्नान केले, वडिलांनी नळकोंडाळ्यावरून पाणी आणून मोरीत केले आणि नातू काचेच्या पडद्यामागे तुषारस्नान करतो, असा बदल एकाच कुटुंबात घडू शकला. त्यामुळे जागेच्या कल्पनेत झालेला फरक येथे स्पष्टपणे पाहता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. औद्योगिक पट्ट्यातील न्हाणीघराच्या रूपात झालेल्या बदलांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२. किमान क्षेत्रफळाच्या नियमांचा घरातील प्रत्यक्ष वापराशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३. प्रशस्ततेचा भास निर्माण करणाऱ्या साधनांची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. इमारतीविषयक संहिता, गृहनिर्माण योजनांचे निकष, औद्योगिक विकासाचा उपलब्ध इतिहास आणि बांधकामातील रूढ प्रथा यांचा आधार घेतला आहे.

१. न्हाणी, मोरी आणि अंगण

‘न्हाणे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेला ‘न्हाणी’ हा शब्द मराठी घरात जुना आहे. विशेष म्हणजे तो भारतीय बांधकाम अभियांत्रिकीतही स्थिरावला. फरशीतील पाणी वाहून नेणाऱ्या व दुर्गंधी अडवणाऱ्या जाळीदार सापळ्याला देशभरातील अभियंते आजही ‘नहाणी ट्रॅप’ असेच म्हणतात. एका मराठी घरगुती शब्दाने तांत्रिक परिभाषेत मिळवलेले हे स्थान उल्लेखनीय आहे.

औद्योगिकीकरणापूर्वी पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या काठावरील गावांत स्नान ही बव्हंशी उघड्यावरची क्रिया होती. चिंचवड येथे पवनेचा, तर देहू व आळंदी येथे इंद्रायणीचा घाट धार्मिक स्नानाबरोबरच दैनंदिन स्नानालाही उपयोगी पडत असे. पुरुषांना नदी, विहीर आणि अंगण मोकळे होते. स्त्रियांसाठी परसात कुडाचा, तट्ट्याचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा करून त्यात एक सपाट दगड बसवलेला असे. जागेची अडचण नव्हती; अडचण होती ती खासगीपणाची. पहाटे अंधारात उरकून घ्यावे लागणारे स्नान हा त्या मोकळेपणाचा दुसरा अर्थ होता. न्हाणीघराला चार भिंती मिळणे ही घटना स्त्रियांच्या दृष्टीने पाहिली असता जागा कमी होण्याची नसून हक्काचा कोपरा मिळण्याची होती, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

वाड्यांतून न्हाणीघर असे. तेथे तांब्याचा बंब, घंगाळ, तांब्या आणि पाट एवढेच सामान असे. साबण, तेल, शिकेकाई ठेवण्यासाठी भिंतीतच कोनाडा ठेवलेला असे. कपड्यांसाठी खुंट्या असत. सांडपाणी परसातील केळी, अळू यांना जाई. भिंतीच्या जाडीतील कोनाडा जमिनीवरची जागा अडवत नसे. आजच्या गृहसजावटकारांनी पुढे आणलेली भिंतीतील फडताळाची कल्पना या कोनाड्याहून मूलतः वेगळी नाही. दगडमातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत जे सहज शक्य होते, ते चार किंवा सहा इंची विटांच्या भिंतीत अवघड झाले. त्यामुळे सामान भिंतीतून बाहेर येऊन जमिनीवर किंवा फळीवर आले.

शौचकूप मात्र या न्हाणीघराचा भाग नव्हता. तो घरापासून दूर असे आणि टोपलीच्या संडासाची सफाई विशिष्ट जातींतील माणसांवर लादलेली असे. पाण्याने धुतले जाणारे शौचकूप व मलनिःसारण वाहिनी आल्यानंतरच संडास घरात येऊ शकला. आज न्हाणीघर व शौचालय एकत्र करून जागा वाचवण्याचा जो सल्ला दिला जातो, तो या बदलावाचून अशक्य होता. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा होण्यास १९९३ साल उजाडावे लागले आणि २०१३ मध्ये तो अधिक कठोर करावा लागला, यावरून या बदलाची गती किती मंद होती हे समजते.

२. औद्योगिक वसाहत आणि किमान क्षेत्रफळ

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मिती कंपनी स्थापन झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. बजाज ऑटो, टेल्को यांसारख्या मोठ्या कारखान्यांमुळे १९६० च्या दशकात परिसराचे रूप पालटले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अशा क्रमाने प्रशासन उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर या भागांतून मोठ्या संख्येने लोक कामाच्या शोधात येथे आले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक झाली होती.

एवढ्या लोकांना निवारा देताना ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा ठरला. १८९७ च्या प्लेगनंतर हवा व उजेड हे प्रशासनाच्या चिंतेचे विषय झाले आणि १८९८ मध्ये मुंबईत नगर सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९२० च्या दशकात मुंबईत उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींत सुमारे १६० चौरस फुटांची खोली व सामायिक संडास हा नमुना रूढ झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये केंद्र शासनाने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना आणली. राज्यात गृहनिर्माण मंडळ व १९७७ पासून म्हाडा या संस्थांनी कामगारांसाठी गाळे बांधले. या गाळ्यांतून न्हाणी घराच्या आत आली, परंतु ती ‘मोरी’च्या रूपात. एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा कठडा, खाली शहाबादी फरशी आणि भिंतीत पाण्याचा उतार एवढेच तिचे स्वरूप होते. त्याच मोरीत भांडी घासली जात, कपडे धुतले जात आणि पडदा ओढून स्नानही होई.

राष्ट्रीय इमारत संहितेची पहिली आवृत्ती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली व पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारण्यात आली. २००५ च्या संहितेनुसार स्वतंत्र न्हाणीघरासाठी किमान १.८ चौरस मीटर, स्वतंत्र शौचालयासाठी १.१ चौरस मीटर आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर जागा अपेक्षित होती. अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी हेच निकष अनुक्रमे १.२, ०.९ आणि १.८ चौरस मीटर असे खाली आणले गेले.

या आकड्यांचा तौलनिक विचार उद्बोधक आहे. अल्प उत्पन्न गटाच्या घरात स्वतंत्र न्हाणी व संडास मिळून २.१ चौरस मीटर जागा लागते. एकत्र केल्यास १.८ चौरस मीटर. म्हणजे ०.३ चौरस मीटर जागा वाचते, मधली भिंतही वाचते आणि डोळ्यांना एकच मोठी खोली दिसते. तथापि एकाच वेळी दोन व्यक्तींना तिचा वापर करता येत नाही. पाच-सहा माणसांच्या घरात, जिथे एकाला पहिल्या पाळीला आणि दुसऱ्याला शाळेत जायचे असते, तिथे दिसायला मोठी असलेली एकत्र खोली वापराला लहान ठरते. मराठी कुटुंबांनी ‘संडास-बाथरूम वेगळे’ असा आग्रह दीर्घकाळ धरला, त्यामागे सोवळ्याओवळ्याच्या कल्पना होत्या हे खरेच. परंतु वेळेचे हे व्यावहारिक गणितही होते.

उंचीबाबतही असाच विचार करता येईल. संहितेत राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, तर न्हाणीघराची २.१ मीटर मान्य करण्यात आली. मधल्या ०.६५ मीटर जागेत माळा आला. गाद्या, ट्रंका, दिवाळीचे आकाशकंदील आणि जुनी भांडी यांना जागा मिळाली, परंतु न्हाणीघराचे छत डोक्यावर आले. कोंदटपणाची जी भावना पुढे फिकट रंगांनी घालवण्याचा प्रयत्न झाला, तिचे एक मूळ या माळ्यात आहे.

निगडी येथील सेक्टर २२ मधील एका वस्तीचे ‘ओटास्कीम’ हे नाव या इतिहासाची साक्ष देते. जोते व मूलभूत सेवा पुरवून वरचे घर रहिवाशाने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारावे, ही त्या काळातील ‘भूखंड व सेवा’ योजनांची रीत होती. पुढे २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले व चिखली येथे ‘घरकुल’ प्रकल्प उभा राहिला. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी ३० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचा निकष ठरला. घर बैठ्या वस्तीतून बहुमजली इमारतीत गेले. अंगण, ओटा, बोळ यांत पूर्वी होणारी धुणी-भांडी आता घराच्या आत करावी लागली. त्यामुळे क्षेत्रफळ कागदावर वाढूनही न्हाणीघरावरचा भार वाढला.

३. पाण्याची साठवण आणि जमिनीवरची जागा

लहान न्हाणीघरातील सर्वांत मोठी वस्तू म्हणजे पाण्याचे पिंप. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, या अनुभवातून ते घरात आले. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर असतो. म्हणजे ते सुमारे ०.२६ चौरस मीटर जागा व्यापते. १.२ चौरस मीटरच्या न्हाणीघरात ही जागा एकपंचमांशाहून अधिक होते. गोल पिंपाच्या मागचे कोपरे निरुपयोगी होतात, ते वेगळेच. बादली, धुण्याचा दगड व कपड्यांचा टब त्यात मिळवल्यास माणसाला उभे राहण्यापुरतीच जागा उरते.

या दृष्टीने पाहिल्यास न्हाणीघर मोकळे करणारी खरी वस्तू छपरावर होती. सिंटेक्स कंपनीने १९७५ मध्ये प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या बाजारात आणल्या. पत्र्याच्या गंजणाऱ्या आणि सिमेंटच्या जड टाक्यांच्या तुलनेत ही हलकी काळी टाकी लहान घराच्या छपरावरही चढवता आली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या फिनोलेक्स इंडस्ट्रीजसारख्या कंपन्यांमुळे पीव्हीसी पाइप सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. साठवण वर गेली, नळ भिंतीत गेला आणि जमीन रिकामी झाली. लोखंडी जोडकामाची गरज कमी झाल्याने स्थानिक गवंडी व नळकारागीरही हे काम करू लागले.

हा बदल कायमस्वरूपी मात्र राहिला नाही. शहराला मुख्यत्वे मावळातील पवना धरणाचे पाणी मिळते. ते नदीतून रावेत येथे येते व तेथून उचलून निगडी येथे शुद्ध केले जाते. धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या प्रकल्पाला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. शहरातील नळाचा प्रश्न ग्रामीण भागातील जमीन, सिंचन आणि जगण्याच्या हक्काशी किती घट्ट बांधलेला आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

वाढत्या लोकसंख्येमुळे नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत सुरू केली. आंद्रा प्रकल्पातून १०० आणि भामा-आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर प्रतिदिन पाणी मिळवण्याचे नियोजन करण्यात आले. मोठ्या गृहसंकुलांना भूमिगत टाक्या व टँकरचा आधार घेता आला. बैठ्या घरांत मात्र पिंप पुन्हा न्हाणीघरात आले. ज्या घरात पांढऱ्या टाइल्स आणि आरसा बसवून जागा मोठी भासवली होती, तेथे निळ्या पिंपाने ती पुन्हा व्यापली. सजावटीच्या कोणत्याही उपायाला दिवसाआड येणाऱ्या नळाने मर्यादा घातली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

४. पृष्ठभाग : फरशी, रंग आणि आरसा

सजावटीचा इतिहास हा बऱ्याच अंशी पृष्ठभागाचा इतिहास आहे. जुन्या न्हाणीत चुन्याचा कोबा व निळीचा हात दिलेली चुनखडी असे. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी स्वस्त व टिकाऊ म्हणून कामगारांच्या घरांत पसरली. तिचा राखाडी रंग मळ झाकत असे, परंतु उजेडही शोषून घेई. मुंबईत १९२२ मध्ये भारत टाइल्स या स्वदेशी कंपनीने सिमेंटच्या रंगीत फरश्या बनवण्यास प्रारंभ केला. १९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन कंपनी भारतात आली आणि चकचकीत पांढऱ्या टाइल्सचा प्रसार वाढला. आरंभी या टाइल्स महाग असल्याने भिंतीवर जेमतेम तीन फूट उंचीपर्यंत, पाणी उडते तेवढ्याच भागात बसवल्या जात. गुजरातमधील मोरबी येथे टाइल्सचा उद्योग वाढल्यानंतर किमती आवाक्यात आल्या आणि टाइल्स दरवाजाच्या उंचीपर्यंत पोहोचल्या.

टाइल्सच्या या चढत्या उंचीचा प्रशस्ततेशी थेट संबंध आहे. तीन फुटांवर संपणारी टाइल भिंतीचे दोन तुकडे करते व खोली बुटकी दाखवते. वरपर्यंत एकच पृष्ठभाग असेल तर नजर न अडखळता छतापर्यंत जाते. आकाराचेही तसेच आहे. १.२ मीटर रुंद व २.१ मीटर उंच भिंतीला १५ सेंटिमीटरच्या चौरस टाइल्स लावल्यास ११२ टाइल्स लागतात. ३० × ६० सेंटिमीटरच्या टाइल्स लावल्यास १४ पुरतात. सांध्यांच्या रेषा कमी झाल्याने भिंत सलग दिसते आणि सांध्यांत साचणारा मळही घटतो. लहान खोलीत लहानच टाइल शोभते, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली. जमिनीवर मात्र उतार नेमका साधण्यासाठी आणि पाय घसरू नये म्हणून लहान व खरखरीत टाइल अधिक योग्य ठरते.

फिकट रंग पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग परत फेकतो, त्यामुळे कोपऱ्यांतील सावली विरळ होते आणि भिंत दूर भासते. सपाट आरशात वस्तू जेवढी पुढे, तेवढीच प्रतिमा मागे दिसते. म्हणून खिडकीसमोर लावलेला रुंद आरसा खोलीला दुसरी खिडकी दिल्यासारखे काम करतो. पूर्वी दाढीपुरता हातभर आरसा खुंटीला टांगलेला असे. २००० नंतर हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या प्रभावाने वाकड, पिंपळे सौदागर, रहाटणी या भागांत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत आरसा सजावटीचा मुख्य घटक बनला. भिंतीला टांगलेले शौचपात्र, भिंतीत दडवलेली फ्लशची टाकी, कोपऱ्यातील बेसिन आणि ओल्या-कोरड्या भागांमध्ये काचेचा पारदर्शक पडदा या साधनांचा हेतू एकच आहे : जमिनीचा अधिकाधिक भाग नजरेला अखंड दिसावा.

या विचाराचे जागतिक उदाहरण जपानमध्ये आढळते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी हॉटेल न्यू ओतानी बांधताना टोटो कंपनीने कारखान्यात तयार केलेली सुमारे एक हजार न्हाणीघरे बसवली. सांधे कमी, कोपरे गोलाकार आणि प्रत्येक वस्तूचे स्थान आधीच निश्चित असल्याने अत्यल्प जागेत सुटसुटीतपणा साधला गेला. मात्र तेथे अखंड पाणीपुरवठा गृहीत धरलेला होता, हा फरक विसरता येत नाही.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील गृहरचनेने यात एक स्वतःची भर घातली, ती म्हणजे ‘ड्राय बाल्कनी’. स्वयंपाकघराला लागून असलेल्या या अरुंद जागेत भांडी घासणे, कपडे धुणे व धुलाईयंत्र ठेवणे ही कामे गेली. अर्थात न्हाणीघरातून मोरी वेगळी झाली. भिंत न सरकवता न्हाणीघर मोठे करणारा हा उपाय कोणत्याही रंगापेक्षा परिणामकारक ठरला. जुन्या घराच्या परसातील धुण्याच्या दगडाचाच हा बहुमजली अवतार म्हणता येईल.

५. चाकण : भाड्याच्या खोल्या आणि पाळ्यांचे वेळापत्रक

चाकणचा औद्योगिक विस्तार तुलनेने अलीकडचा आहे. बजाज ऑटोचा येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांत स्थानिक जमीनमालकांनी कामगारांसाठी ओळीने भाड्याच्या खोल्या बांधल्या. मराठवाडा व विदर्भाबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कंत्राटी कामगार तेथे राहू लागले. पिंपरी-चिंचवडने १९७० च्या दशकात अनुभवलेली चाळीची अवस्था येथे नव्याने आढळते. फरक एवढाच की, कंपनीची वसाहत किंवा गृहनिर्माण मंडळ यांची जागा खासगी घरमालकाने घेतली आहे.

अनेक खोल्यांसाठी सामायिक न्हाणीघर असते, तेव्हा जागेचा प्रश्न वेळेत रूपांतरित होतो. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी या कारखान्याच्या वेळापत्रकानुसार स्नानाची रांग ठरते. वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणारे कामगार एकत्र राहिल्यास तीच जागा सर्वांना पुरते. एकाच पाळीचे कामगार असल्यास ती अपुरी पडते. कुटुंबासह राहणाऱ्या स्त्रियांची अडचण याहून गंभीर असते. आतून लागणारी कडी, पुरेसा उजेड आणि छतापर्यंत नेलेली भिंत या त्यांच्या प्राथमिक गरजा आहेत. येथे आरसा किंवा टाइलचा रंग हा प्रश्न उपस्थितच होत नाही. प्रशस्ततेची चर्चा करताना ही विषमता दृष्टीआड करता येणार नाही.

६. हवा, वाफ आणि सुरक्षितता

संहितेनुसार न्हाणीघराची किमान एक भिंत मोकळ्या हवेकडे उघडणे अपेक्षित आहे किंवा वायुवीजनासाठी डक्टची सोय आवश्यक आहे. प्रत्यक्षात बाहेरून दिसू नये, थंडी येऊ नये किंवा सजावट अखंड दिसावी म्हणून झरोका बंद करण्याची प्रवृत्ती आढळते. हा बदल केवळ सौंदर्याचा राहत नाही. तांब्याचा बंब परसात किंवा मोठ्या झरोक्याच्या न्हाणीत पेटत असे. त्याचा धूर दिसे व झोंबे. गॅस गिझर लहान बंद खोलीत जळतो तेव्हा अपुऱ्या प्राणवायूमुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग किंवा वास नसतो आणि हिमोग्लोबिनशी त्याचा संयोग प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी सुलभ होतो. खोलीचे घनफळ जितके कमी तितका धोका अधिक. १.८ चौरस मीटर क्षेत्रफळ व २.१ मीटर उंची धरल्यास खोलीत चार घनमीटरपेक्षाही कमी हवा असते. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणे आणि झरोका उघडा ठेवणे या गोष्टी सजावटीच्या आधी येतात. उघडा झरोका उजेडही देतो. त्यामुळे सुरक्षिततेची गरज आणि प्रशस्ततेची इच्छा यांत येथे विरोध उरत नाही.

निष्कर्ष

१. औद्योगिक पट्ट्यातील न्हाणीघर नदीकाठ, परस, मोरी, स्वतंत्र खोली आणि सज्ज ‘बाथरूम’ अशा टप्प्यांतून विकसित झाले. प्रत्येक टप्प्यावर खासगीपणा वाढला व मोकळी जागा घटली.

२. किमान क्षेत्रफळाचे निकष आवश्यक होते. परंतु ते एका वेळी एका व्यक्तीचा वापर गृहीत धरतात. कुटुंबाचा आकार, कामाच्या पाळ्या आणि धुणी-भांडी यांचा विचार त्यांत अपुरा आहे.

३. न्हाणीघरातील जमीन सर्वाधिक मोकळी केली ती छपरावरील टाकी, भिंतीतील नळ आणि ड्राय बाल्कनी या तीन बदलांनी. फिकट रंग, मोठ्या टाइल्स व आरसा यांचा परिणाम त्यानंतरच जाणवतो.

४. अनियमित पाणीपुरवठा हा प्रशस्ततेचा सर्वांत मोठा अडसर आहे. ज्या घरात पिंप ठेवावे लागते, तेथे सजावटीचे उपाय अल्पजीवी ठरतात.

५. झरोका बंद करून साधलेली सजावट आरोग्यास व जीवितास घातक ठरू शकते.

समारोप

लहान न्हाणीघर सजवू पाहणाऱ्या कुटुंबाने प्रथम जमिनीवरच्या वस्तूंची मोजदाद करावी, साठवण वर किंवा बाहेर नेता येते का हे पाहावे, झरोका मोकळा करावा आणि मगच टाइल व आरशाची निवड करावी, असा क्रम या इतिहासातून सुचतो. यांतील पहिली पायरी कुटुंबाच्या हाती पूर्णपणे नाही. ती महापालिकेच्या जलवाहिनीवर, धरणातील वाटपावर आणि घरमालकाच्या सद्भावनेवर अवलंबून आहे. नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व महापालिका यांच्याकडे गेले. या संस्थांनी पुढील गृहयोजना आखताना न्हाणीघराचे क्षेत्रफळ ठरवण्याबरोबरच त्यात पाण्याचे पिंप ठेवावे लागणार नाही याची हमी दिली, तर चाकणच्या भाड्याच्या खोलीतील आणि वाकडच्या सदनिकेतील न्हाणीघरांमधील अंतर काही प्रमाणात तरी कमी होईल.